लिटरच्या मापात पाणी

आमच्या गोठ्याच्या दाराशी खिळ्याला एक पितळी माप टांगलेलं असतं. बरोबर एक लिटरचं. त्याच्या काठावर वजनमापवाल्यांचे शिक्के आहेत, इतके की नवा शिक्का मारायचा तर जागा शोधावी लागते. त्या मापात दुधाशिवाय दुसरं काही मी कधी पडू दिलं नव्हतं. धुवायचं झालं तरी बादलीत बुडवून धुवायचो, वरून पाणी ओतून नाही. लोक हसायचे. म्हणायचे, बुडवलं काय अन् ओतलं काय, पाणी आत जातंच की. जाऊ दे. बुडवणं वेगळं आणि ओतणं वेगळं. ज्याला कळत नाही त्याला मी सांगत बसत नाही.

मी कोल्हापुरातल्या एका पेठेतला म्हशीवाला. शाळा तिसरीपर्यंत. चौथीत गेलो तेव्हा धारा काढून यायला उशीर झाला म्हणून गुरुजींनी मला वर्गाबाहेर उभं केलं. मी बाहेरूनच घरी गेलो, तो परत गेलो नाही. गुरुजी दोनदा बोलवायला आले, दोन्ही वेळेला दूध पिऊन गेले. पुढचं सगळं आयुष्य म्हशीत गेलं. संध्याकाळी म्हशी घेऊन दूध कट्ट्यावर जायचं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट पेला त्याच्या हातात द्यायचा. मधे ना पिशवी, ना यंत्र, ना पाणी.

एकदा एक पावणं पेला तोंडाला लावून म्हणालं, “आज जरा पातळ वाटालंय.” मी भरलेली चरवी उचलली आणि त्याच्या पायाशी रस्त्यावर ओतली. म्हटलं, “बघा, पाणी कुठं दिसतंय काय.” फेस गटारापर्यंत गेला. पावणं हात जोडून निघून गेलं, पण घरी मालकिणीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्याशी बोलणं सोडलं. तिचं म्हणणं, अब्रू दाखवायची तर पेलाभर ओतून दाखवायची, चरवीभर कशाला. तरीही पेठेत ती गोष्ट अजून सांगतात आणि मालकीणसुद्धा पाव्हण्यारावळ्यांत ती अशी सांगते की जणू चरवी तिनंच ओतली.

अशा घरात पातळ काही चालत नाही. चहा निव्वळ दुधाचा. ताक असं की पळी उभी राहावी. ‘पांचट’ ही आमच्यात शिवी. सून आली गगनबावड्याची. पहिल्या दिवशी तिनं चहात निम्मं पाणी घातलं, तर मालकीण म्हणाली, “तुमच्याकडं पाऊसच एवढा, चुलीवरच्या भांड्यातबी पडत असंल.” सून हसली. हसून गप्प बसणाऱ्या माणसाचं आमच्या घरात कठीण असतं, कारण बाकीचे सगळे मोठ्यानं बोलणारे. पण तिनं निभावलं.

तिची लेक, म्हणजे माझी नात, आता वर्षाची होऊन वर थोडी झाली आहे. तिला मी मांडीवर घेऊन गोठ्यात बसतो. ती लाथा मारते. साध्यासुध्या नाहीत. दोन्ही पाय पोटाशी घेऊन एकदम सोडते. मी जन्मभर म्हशींत बसलो, पण एवढ्या लाथा मला म्हशींनी मारल्या नाहीत. मालकीण म्हणते, “आज्ज्यावर गेलीय.” मी म्हणतो, “आजीवर.” तेवढ्यात तिची पुढची लाथ बसते.

यंदाच्या उन्हाळ्यात नळाला पाणी कमी आलं आणि आलं तेही गढूळ. पोरीला जुलाब सुरू झाले. सुरुवातीला आम्ही दात येतायत म्हणालो. दात कुठले, लंगोट बदलून बदलून सुनेचे हात दुखायला लागले. मालकिणीनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, वाडीच्या दत्ताला बासुंदीचा नैवेद्य बोलली. मग सरकारी दवाखान्याकडून घरोघरी फिरणारी गल्लीतली आशाताई आली. तिनं पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ बघितली आणि मिठासाखरेच्या औषधाची दोन पाकिटं सुनेच्या हातात दिली. “एक पाकीट, एक लिटर पाणी. उकळून गार केलेलं. चमच्यानं पाजत राहा. अंगावरचं दूध बंद करू नका. आणि पोरगी मलूल वाटली तर थेट दवाखाना,” एवढं सांगून ती पुढच्या घरी गेली.

सुनेनं पाकिटावरचं सगळं वाचलं. पाण्याची बाटली भरून मोजली, पातेल्यात ओतली, पुडी फोडून ढवळली. मी आणि मालकीण वाकून बघायला गेलो. पातेल्यात नुसतं पाणी! तळ दिसत होता.

“हे औषध व्हय गं?” मालकीण म्हणाली.

“व्हय आत्ती. असंच सांगितलंय.”

“एवढीशी पुडी आणि हौदभर पाणी. पोरगीला ताकद कशानं यायची? गगनबावडा केलास बघ तू त्याचा.”

सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी काय म्हणणार? ज्यानं जन्मभर पाण्याशी वैर केलं त्यानं पाण्याची बाजू घ्यायची? मी म्हणालो, “जरा दमदार असू दे.” बस्स, एवढं बोललो आणि गोठ्यात गेलो.

मालकिणीनं दुसरी पुडी फोडली आणि ती एका पेल्यात कालवली. पेलाभर पाण्यात अख्खी पुडी. रंगालाच चांगलं वाटलं म्हणे. पोरगी अधाशासारखी प्यायली. तहानेनं तिचा जीव एवढा कासावीस झाला होता की कुणी काहीही दिलं असतं तरी प्यायली असती. पण आम्हाला वाटलं, बघा, दमदार होतं म्हणून कसं गोड लागलं. सुनेचं पातेलं तसंच झाकून राहिलं.

दुपारपर्यंत पोरीचं रडणं बदललं. आधी रडायची तेव्हा मागणं असायचं त्यात. आता नुसता चिरका आवाज, थांबतच नव्हता. पेला दिसला की झडप घालायची, प्यायली की आणखी ओरडायची. जुलाबही वाढले. सून तिचे डोळे पुसायला गेली आणि पदर कोरडाच राहिला. “मामा,” ती मला म्हणाली, “रडालीया, पण डोळ्यांतनं पाणी येत न्हाय.”

मी पोरीला मांडीवर घेतली. पाय पोटाशी घेईल, सोडेल, म्हणून वाट बघितली. पाय तसेच पडून राहिले. ओल्या फडक्यासारखे. मी तिच्या तळव्याला बोट लावलं. एरवी एवढ्यानं माझा चष्मा उडाला असता.

मग मात्र मी पोरीला तशीच उचलली, सून आणि मालकीण मागोमाग आल्या. चप्पल न घालता रिक्षात बसलो.

दवाखान्यात लहान मुलांची डॉक्टरीण होती. सीमेकडची, जैन शेतकऱ्याच्या घरातली. वयानं माझ्या मुलापेक्षाही लहान. मला आजोबा न म्हणता ‘अज्जा’ म्हणायची, त्यांच्याकडं कानडीत तसंच म्हणतात. तिनं पोरीला तपासलं, लगेच शिरेतून रक्त काढून घेतलं, आणि विचारलं, “काय काय पाजलंत?”

मालकीण पुढं झाली. पेला आम्ही बरोबरच आणला होता, तळाशी थोडं राहिलं होतं. “पुडीचं औषध पाजलंय. आणि चांगलं पाजलंय बाई, पाण्याचा एक थेंब जास्तीचा घातलेला न्हाय आमी.”

डॉक्टरिणीनं बोट बुडवून जिभेला लावलं. तिचं तोंड असं झालं, जणू कैरी चावली.

“आज्जी, हे औषध न्हाय. हा लोणच्याचा खार हाय.”

“मंजे?”

“लिटरभर पाण्याची पुडी पेल्यात घातलीत. पोरीच्या अंगात मीठ जास्त झालंय.”

मालकीण घाबरली. तिनं हळूच विचारलं, “मी मिठा-मिरच्यांनी दिष्ट काढली, त्यानं झालं व्हय?”

डॉक्टरीण एवढी रागात होती, तरी तिला हसू आलं. “ते चुलीत गेलं आज्जी. चुलीला काय व्हायचं ते होऊ दे.”

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा तिनं मला नीट समजावलं. जुलाबात नुसतं पाणी जात नाही, पाण्याबरोबर अंगातले क्षारही जातात. एक सोडियम, म्हणजे आपलं मीठच. दुसरं पोटॅशियम. हे दोन्ही अंगात ठरल्या मापात लागतात. पुडीत ते मापानंच घातलेले असतात, पण पाणी मापात असेल तरच. पाणी कमी पडलं की तो खार आतड्यात जाऊन उलट अंगातलंच पाणी ओढून घेतो. म्हणून तहान वाढली, जुलाब वाढले, रडणं चिरकं झालं. रक्तात सोडियम चढलं होतं आणि पोटॅशियम उतरलं होतं. पोटॅशियम उतरलं की स्नायू ढिले पडतात.

“म्हणून लाथ मारंना झालीय?” मी विचारलं.

“म्हणूनच अज्जा.”

हे मला पटलं. गोठ्यात मिठाची लादी ठेवलेली असते, म्हैस ती जास्त चाटली की दिवसभर हौदाला तोंड लावून उभी असते. म्हशीला हौदापर्यंत चालत जाता येतं. पोरगी पेल्यावर झडप घालत होती आणि आम्ही तिला पुन्हा मीठच देत होतो.

पटलं, पण हट्ट गेला असं नाही. मी म्हणालो, “मग बाटली लावा की. सलाईन. एका झटक्यात उतरवा सगळं.”

“बाटली लावायची न्हाय.”

“का? पैशाचं बघू नका तुमी.”

“झटक्यात उतरवायचंच न्हाय अज्जा. चढलेलं मीठ एकदम खाली आणलं तर मेंदूला सूज येते, झटके येतात. हळूहळू उतरवायचं. पोरगी तोंडानं घेतीय तवर तोंडानंच. बरोबर मापाचं पाणी, चमच्यानं, दमानं. मधे आईचं दूध. मी परत परत रक्त बघणार हाय. घेईनाशी झाली तर सुई हाय की माझ्याकडं, पळून जात न्हाय.”

“आमच्याकडं डॉक्टर म्हंजे बाटली लावणारा.”

“आमच्याकडं म्हैसवाला म्हंजे पाणी घालणारा,” ती म्हणाली. “तुमी न्हाय घालत. मी न्हाय लावत.”

सून तोंडाला पदर लावून उभी होती. रडत होती की हसत होती मला कळलं नाही.

मागून आलेल्या मुलानं खालच्या दुकानातून प्लास्टिकची बाटली आणली, पुड्या आणल्या. मी बाटली हातात घेऊन फिरवली. “हिच्यावर शिक्का कुठाय?”

“आबा, छापलंय की एक लिटर.”

“छापलंय. मी उद्या तुझ्या कपाळावर कलेक्टर छापीन. शिक्का कुठाय?”

एकदा माप चुकून पोरीचे हे हाल झाले होते. आता दुसऱ्याच्या छापलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवायची माझी तयारी नव्हती. डॉक्टरिणीनं सांगितलं की बाटलीचं माप बरोबर असतं, तेही चालेल. मी मान हलवली नाही. शेवटी ती म्हणाली, “मग तुमचा ज्याच्यावर विश्वास हाय ते आणा. पण लवकर आणा. तवर मी इथलं देते.”

मी घरी गेलो. खिळ्यावरचं माप काढलं. म्हशींनी माना वर केल्या, त्यांना वाटलं धारेची वेळ झाली. मी माप चिंच लावून घासलं, उकळत्या पाण्यात बुडवलं. बुडवलंच, ओतलं नाही. तोपर्यंत अजून मन तयार झालं नव्हतं. येताना ते धोतराच्या सोग्याखाली झाकून आणलं. रस्त्यात एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, “काय मामा, दवाखान्यात रतीब लागला काय?” मी म्हटलं, “व्हय, लागला.”

वॉर्डात सुनेनं उकळून गार केलेलं पाणी पातेल्यात तयार ठेवलं होतं. डॉक्टरिणीनं माप हातात घेऊन काठावरचे शिक्के बघितले, बोट फिरवलं आणि म्हणाली, “मोजायचं ह्यात, कालवायचं स्टीलच्या भांड्यात.” मग सगळे माझ्याकडं बघत राहिले.

मी पातेलं उचललं. मधे एकदा खाली ठेवलं ते कच खाऊन, असं मालकीण सांगते, ते खोटं आहे. पातेलं जड होतं. पण एक खरं, ओतायच्या आधी मी माप जरा भिंतीकडं वळवून धरलं. मालकिणीनंही तोंड फिरवलं. बाजूच्या खाटेवरच्या बाईला वाटलं असेल इथं बघू नये असं काहीतरी चाललंय. पाणी काठापर्यंत आलं. मी डोळा काठाच्या रेषेत आणून बघितलं, जसं दुधाला बघतो तसं. ना वर, ना खाली. मग ते स्टीलच्या भांड्यात ओतलं, सुनेनं पुडी घातली, ढवळली.

“आता चव बघायची,” डॉक्टरीण म्हणाली. “डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं न्हाय पाहिजे.”

चमचा माझ्या हातात होता. मी चव घेतली.

“लागतंय कसं अज्जा?”

“मला काय म्हाईत डोळ्यांतलं पाणी कसं लागतंय ते. मी कवा रडलोय?”

मालकिणीनं माझ्या हातातला चमचा घेतला. “इकडं आणा. तुमच्याशी लगीन झाल्यापासनं मला चांगली चव म्हाईत हाय.” तिनं जीभ लावली, जरा विचार केला, पुन्हा लावली. आणि वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बरोबर हाय! अगदी बरोबर हाय. तसंच लागतंय.”

वॉर्डातल्या बायका हसल्या. डॉक्टरीण हसली. मी हसलो नाही, पण मला राग आला नाही हेही खरं.

मग चमचे सुरू झाले. सून पाजायची, दमली की मालकीण, तिचा हात अवघडला की मी. चमचा ओठाला लावायचा, वाट बघायची, गिळलं की पुढचा. पोरगी हिसडा मारून चमचा ओढायला बघायची, पण द्यायचा नाही. मुलगा म्हणाला, “आबा, जरा भराभर द्या की.” मी म्हटलं, “लेका, पान्हा कुणी ओढून आणतंय काय? थांबावं लागतंय.” डॉक्टरीण येऊन रक्त तपासायला घेऊन जायची आणि दर वेळेला म्हणायची, “उतरालंय. हळू उतरालंय. असंच चालू द्या.” हळू हा शब्द एवढा गोड लागतो हे मला पहिल्यांदा कळलं.

चिरका आवाज थांबला. ती झोपली, उठली, दूध प्यायली. लंगोट ओला झाला तो नुसत्या लघवीनं. मालकिणीनं तो लंगोट सगळ्यांना दाखवला, जणू पैठणी आणलीय. पण पाय अजून हलत नव्हते तसे. मी खाटेच्या पायथ्याशी बसून ते पाय बघत होतो. माझं दुसरीकडं लक्षच नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, “येईल अज्जा, पोटॅशियम भरायला वेळ लागतो.” मी म्हटलं, “मला कुठं जायचंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताजं पाणी मोजून, कालवून, भांडं खाटेवर पोरीच्या पायांजवळ ठेवलं आणि चमचा पुसत होतो. सून तिचं तोंड पुसत होती. तोंड पुसलेलं तिला कधीच आवडत नाही. ती रडायला लागली, आणि ह्या वेळेला डोळ्यांतून पाणी आलं. चांगलं टपोरं. सुनेनं “मामा, बघा की!” म्हणेपर्यंत पोरीनं दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि सोडले.

भांडं उडालं. झाकण खाटेखाली, भांडं शेजारच्या खाटेपर्यंत, आणि मोजून मापून केलेलं सगळं पाणी माझ्या सदऱ्यावर, धोतरावर, फरशीवर. चष्म्यातून मला काही दिसेना. फरशी पुसणारी मावशी ओरडली, “कुणी सांडलं हो हे?”

“आमच्या नातीनं!” मी म्हणालो. “लाथ मारून!”

“मग त्यात एवढं ओरडायला काय झालं?”

 मी ओलाचिंब उभा होतो आणि पेठेतल्या तालमीच्या पैलवानानं कुणाला चितपट करावं तसा मला आनंद झाला होता. मालकिणीनं पोरीचे दोन्ही तळवे कपाळाला लावले. तिला तिथंही एक लाथ बसली. “आजीवर गेलीय,” मी म्हटलं. तिनं ह्या वेळेला वाद घातला नाही.

डॉक्टरीण आली, फरशी बघितली, माझा सदरा बघितला. पोरीच्या तळव्याला तिनं बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. “झक्कास,” म्हणाली. “आता नवीन करा. अजून पाजायचं हाय.”

मी माप घेतलं. ह्या वेळेला भिंतीकडं वळवलं नाही. वॉर्डाच्या मधोमध, सगळ्यांसमोर धरलं. सून पातेल्यातून पाणी ओतायला लागली आणि काठ यायच्या जरासं आधी माझ्या हातातलं माप कललं, तशी थांबली. माझ्याकडं बघितलं. ह्या घरात आल्यापासून ती मला उलटून काही बोलली नव्हती.

“मामा,” ती म्हणाली, “माप मारू नका हं. अजून पाणी बसतंय त्यात.”

दूधवाल्याला माप मारू नका म्हणणं म्हणजे तू कमी मोजतोस असं तोंडावर म्हणणं, हे आमच्या पेठेत शेंबड्या पोरालाही कळतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी चरवी ओतली असती. मी मालकिणीकडं बघितलं. ती छताकडं बघत होती.

“घाल की मग,” मी म्हणालो. “काठापर्यंत घाल. गगनबावड्याची हाईस, हात आखडू नको.”

आणि मी माप तिच्यासमोर सरळ धरलं.